तिला काही विचारायचं नाही

सलग नऊ दिवस आमच्या घरी बटाट्याची भाजी झाली. बटाट्याविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. पहिल्या दिवशी तर मी दोनदा मागून घेतली. चौथ्या दिवशी वाटलं, चुकून जास्त बटाटे आले असतील. सहाव्या दिवशी कचेरीत मी डबा उघडला तेव्हा शेजारच्यांनी आपापले डबे हळूच स्वतःकडे ओढून घेतले. नवव्या दिवशी मात्र मी शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं, की आज पुन्हा बटाटा का?

बायकोने हातातला डाव खाली ठेवला.

"तेवीस वर्षं मी रोज सकाळी विचारते, आज काय करू. आणि तेवीस वर्षं तुम्ही पेपरातून मान वर न काढता सांगता, काहीही कर. हे 'काहीही' कसं करतात ते मला अजून कळलेलं नाही. म्हणून मी ठरवणंच बंद केलंय. बटाटा ठरवावा लागत नाही."

"अगं, मग एवढं सांगायचंस ना!"

"तेही मीच सांगायचं." ती स्टुलावर बसली. "मला एक जेवण असं हवंय, की त्याच्या आधी, मध्ये आणि नंतर मला कुणी काही विचारलं नाही. काय करू, किती करू, तिखट घालू का, उरलं तर काय करायचं, काही म्हणजे काही नाही. समोर ताट यावं आणि मी जेवावं."

 मला खरोखर वाईट वाटलं. वाईट वाटलं की मी ताबडतोब आश्वासन देऊन मोकळा होतो, हा माझा जुना दोष आहे.

"शनिवारी बाहेर जेवायला जायचं," मी म्हणालो. "घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत तुला एक प्रश्न कुणी विचारणार नाही. शब्द देतो."

"बघू," ती म्हणाली आणि उरलेली भाजी माझ्या पानात वाढली.

माझ्याबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. मी पेन्शनच्या कचेरीत जन्मतारखा तपासतो. लोक येऊन छातीठोकपणे सांगतात की आमचा जन्म अमुक तारखेला झाला, जणू ते तेव्हा शुद्धीवर होते. मी त्यांच्या सांगण्यावर विश्वास ठेवत नाही. मी कागद बघतो. माझ्या सहीखालून आजवर एकही चुकीची तारीख गेलेली नाही, आणि हे मी बढाई म्हणून सांगत नाही, तर पुढे जे घडलं त्याने मला किती लागलं असेल हे कळावं म्हणून सांगतो.

ठिकाण निवडताना मी डोकं चालवलं. नेहमीच्या हॉटेलात गेलो की लोक बायकोला विचारणार, हे यात काय घालतात, ते घरी होतं का. तेव्हा जे पदार्थ तिने जन्मात कधी केलेले नाहीत, ज्यांची नावंही तिला ठाऊक नाहीत, तेच खायचे. त्याबद्दल तिला कोण काय विचारणार? कचेरीच्या मागच्या रस्त्यावर एक मेक्सिकन कॅन्टीना नुकतीच उघडली होती. पिवळी भिंत, भिंतीवर रंगवलेलं निवडुंग, दारावर कागदी पताका. मी ताबडतोब फोन केला.

"दोघांसाठी टेबल राखून ठेवत नाही सर," फोनवरची मुलगी म्हणाली. "सहा किंवा त्याहून जास्त माणसं असतील तरच. दोघं असाल तर दाराबाहेर नंबर लावावा लागेल."

दाराबाहेर उभं राहिलं की बायकोला कुणीतरी नक्की विचारणार, तुमचा नंबर कितवा. मी म्हटलं, सहा लिहा. माणसं कुठून आणायची ते नंतर बघू.

"निमित्त काय सर?"

"निमित्त काही नाही. जेवायचं आहे."

"निमित्त लिहिल्याशिवाय कॉम्प्युटर पुढे जात नाही. वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, निरोप समारंभ, यांतलं काहीतरी सांगा."

मी स्वतः पंचवीस वर्षं लोकांना हेच सांगत आलो आहे, की रकाना रिकामा ठेवता येत नाही. त्यामुळे वाद घालायला तोंड नव्हतं. निरोप समारंभ अशुभ वाटला. लग्नाचा वाढदिवस म्हटलं तर कितवा म्हणून दोघांना विचारतील. उरला वाढदिवस. तो बायकोचा लिहिला तर तिला वय विचारतील. म्हणून मी माझा लिहिला. आयुष्यातली पहिली खोटी जन्मतारीख मी अशी, फोनवर, कचेरीच्याच खुर्चीत बसून नोंदवली.

सहा माणसं जमवणं अवघड गेलं नाही. ही बातमी वरच्या मजल्यावर माझ्याआधी पोचली होती. वरचे काका एस.टी. डेपोत वाहतूक नियंत्रक होते आणि निवृत्त झाल्यापासून ते आमचं नियंत्रण करतात. काका आणि काकू आधीच तयार होते. माझी थोरली बहीण, अक्का, हिला सांगितलं नसतं तर वर्षभर ऐकावं लागलं असतं. सहावा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. तो कुठेही जेवायला येतो.

"मेक्सिकन खाणं मला विचार," काका म्हणाले. "सगळं एकच असतं. मक्याची पोळी आणि आत घेवडा. पोळी दुमडली की एक नाव, गुंडाळली की दुसरं, तळली की तिसरं, आणि पोळीचे तुकडे करून वर पसरलं की चौथं. नावाला भुलू नकोस."

"तुम्ही खाल्लंय का काका?"

"खायला कशाला पाहिजे? दिसतंच की."

काकूंनी सल्ला दिला की निघताना घरी थोडं खाऊन निघावं. अक्काने फोनवर सांगितलं की मी काही खाणार नाही, फक्त बसेन. मेहुण्याने विचारलं की तिथे भात मिळतो ना. चौघांचं ऐकून घेतल्यावर मी कचेरीत करतो तेच केलं. एक परिपत्रक काढलं. शनिवारी संध्याकाळी साडेसहा ते घरी परत येईपर्यंत माझ्या पत्नीस कोणीही, कोणत्याही कारणास्तव, कोणताही प्रश्न विचारू नये. ते चौघांना पाठवलं. चौघांनी अंगठा उंचावलेलं चित्र पाठवलं. मी निश्चिंत झालो, ही माझी चूक.

शनिवारी बायको तिची निळी साडी नेसून बाहेर आली. कपाटापुढे उभी राहून "ही नेसू की ती" असं तिने विचारलं नाही आणि मीही काही बोललो नाही. रस्ताभर ती खिडकीबाहेर बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर एक प्रकारची सुट्टी होती. मला माझाच अभिमान वाटला. तो अभिमान साधारण अकरा मिनिटं टिकला.

कॅन्टीनामध्ये गाणं इतकं मोठ्यांदा चाललं होतं की काकांना आपलं म्हणणं दोनदा सांगावं लागत होतं आणि त्यांना त्याचा आनंद होत होता. खुर्च्या उंच होत्या. अक्काचे पाय जमिनीला टेकेनात, म्हणून मेहुण्याने कोपऱ्यातलं एक खोकं आणून तिच्या पायाखाली ठेवलं. मधोमध कुरकुरीत तुकड्यांची परडी आणि लाल-हिरव्या चटण्यांच्या वाट्या आल्या. "ही फुकट असते," काका म्हणाले आणि त्यांनी परडी स्वतःकडे ओढली.

मग वेट्रेसने प्रत्येकापुढे एक छापील कागद आणि एक पेन्सिल ठेवली.

मला सांगायला संकोच वाटतो, पण तो कागद बघून माझं मन भरून आलं. तो अर्ज होता. पोळी मऊ की कुरकुरीत. आत काय, सात पर्याय. घेवडा काळा की तांबडा. चीज हो की नाही. कांदा, कोथिंबीर, मका. तिखटपणा एक ते पाच. प्रत्येकापुढे चौकोन, चौकोनात खूण. अशी व्यवस्था असलेल्या देशात मला जन्म का मिळाला नाही, असं मला क्षणभर वाटलं. मी बायकोपुढचा कागद पटकन उचलला. "तुझा मी भरतो," म्हणालो. तिने पेन्सिल माझ्याकडे दिली आणि पाठ खुर्चीला टेकवली.

तेवढ्यात काकू म्हणाल्या, "मी काही विचारत नाही हो. पण तुला माहितीच आहे मला वातूळ चालत नाही ते."

बायको म्हणाली, "मग घेवडा नको. मशरूम घ्या."

"मी पण विचारत नाहीये," अक्का म्हणाली. "नुसतं सांगतेय. मला आंबट बाधतं, आणि दात दुखतोय, आणि मी काही खाणारच नाहीये, पण समजा खाल्लं असतं तर..."

"तर मऊ पोळी, चीज आणि मका," बायको म्हणाली. "टोमॅटोवर खूण करू नका."

"अक्का!" मी ओरडलो. "परिपत्रक!"

"मी प्रश्न कुठे विचारला? शेवटी प्रश्नचिन्ह होतं का?"

मेहुण्याने तेवढीही तसदी घेतली नाही. त्याने आपला कागद सरळ बहिणीपुढे सरकवला. "ताई, तूच भर. तुला माहितीये." तेवढ्यात परगावी शिकणाऱ्या आमच्या मुलीचा फोन आला, आणि तिला परिपत्रक पाठवायचं मी विसरलो होतो. "आई, कुकरची शिट्टीच होत नाहीये, काय करू?" बायकोने एका हाताने फोन कानाशी धरला, दुसऱ्या हाताने भावाचा कागद भरला, आणि मध्येच काकांना मानेने खूण केली की चीज नको, तुमचं कोलेस्टेरॉल. काकांनी मुकाट्याने चीजची खूण खोडली. पाच मिनिटांत तिने पाच माणसांचं जेवण ठरवलं होतं, त्यातलं एक दुसऱ्या गावात. पाठ खुर्चीला टेकलेली नव्हती. मी जिथे तिला एका प्रश्नापासून वाचवायला आणलं होतं, तिथे प्रश्नांचाच छापखाना निघाला होता. मला सगळ्यांचा इतका राग आला की माझी पेन्सिल मोडली.

तरी तिचा अर्ज माझ्याच हातात होता. तो तरी मी बिनचूक भरणार होतो. आता तिला काय आवडतं हे विचारायचं नाही म्हटल्यावर कागदोपत्री पुरावा बघायचा. तिने सर्वांत जास्त वेळा काय केलं? सलग नऊ दिवस काय केलं? सात पर्यायांत बटाटा होता. मी ठामपणे खूण केली आणि माझ्या समजुतीप्रमाणे बाकीचेही सगळे चौकोन भरले. अर्ज दिला. वेट्रेस तो घेऊन गेली आणि परत आली.

"सर, हा अपूर्ण आहे."

मी आयुष्यात किती लोकांना हे वाक्य ऐकवलं असेल! मला ते पहिल्यांदाच ऐकावं लागत होतं, आणि तेही सगळ्यांसमोर.

"तिखटपणा भरलेला नाही," ती म्हणाली. "मॅडमना तिखट किती चालतं?"

ती मला विचारत होती. मी मेहुण्याकडे पाहिलं. त्याने अक्काकडे पाहिलं. अक्काने पायाखालच्या खोक्याकडे पाहिलं. काका, ज्यांना मेक्सिकोबद्दल सगळं माहीत होतं, ते परडीतले तुकडे मोजू लागले. तेवीस वर्षं रोज दोन वेळा तिच्या हातचं जेवणारा मी, आणि ती शाळेत असल्यापासून तिच्या हातचं खाणारा तिचा भाऊ, आम्हा कुणालाही या बाईला तिखट किती चालतं ते माहीत नव्हतं. आमचं जेवण नेहमी कमी तिखट असतं, कारण मला पित्त आहे.

 बायकोला कुणी विचारलं नव्हतं. ती निवडुंगाकडे बघत बसली होती.

"तीन," मी म्हणालो. माहिती उपलब्ध नसेल तर मधला आकडा धरायचा, असा आमच्याकडे प्रघात आहे.

माझी फजिती इथे संपायला हरकत नव्हती, पण तेवढ्यात गाणं थांबलं. दिवे लुकलुकले. चार वेटर टाळ्या वाजवत आले, एकाच्या हातात खुळखुळे, एकाच्या हातात सुपाएवढी टोपी. ती त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवली. ती कानांपर्यंत खाली आली. सगळी कॅन्टीना माझ्या वाढदिवसाचं गाणं म्हणू लागली.

"अरे, पण तुझा वाढदिवस तर थंडीत असतो ना?" काका गाण्याच्या वरच्या आवाजात म्हणाले. डेपोत घोषणा करून कमावलेला आवाज आहे तो.

शेजारच्या टेबलावर एक म्हातारे गृहस्थ सर्वांत जास्त वेळ टाळ्या वाजवत होते. मी टोपी वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली ओढली. ते निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांचा पेन्शनचा अर्ज मी तीनदा परत पाठवला आहे. शाळेच्या दाखल्यावर एक जन्मतारीख आणि सेवापुस्तकात दुसरी, फरक तेरा दिवसांचा. ते सावकाश उठून माझ्यापाशी आले आणि त्यांनी माझा हात हातात घेतला.

"अभिनंदन, साहेब," ते अतिशय नम्रपणे म्हणाले. "पुरावा जोडलाय ना?"

 त्यांनी नातवाला बोलावून टोपीसकट माझा फोटो काढून घेतला. त्यांच्या अर्जाचं पुढे मी काय केलं ते इथे सांगत नाही, कारण ते काकांना कळेल आणि मग सगळ्या डेपोला.

शेवटी ताटल्या आल्या. ज्याचं त्याला मिळालं. काकूंना मशरूम, अक्काला मऊ पोळी, मेहुण्याला भात. सगळ्यांनी एक घास घेतला आणि सगळे म्हणाले, अगदी बरोबर, असंच हवं होतं. बायकोपुढे तीन पोळ्या आल्या, सुबक दुमडलेल्या. तिने एक उघडून आत बघितलं.

बटाटा होता.

 मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. ती हसत होती, पण डोळ्यांत पाणी होतंच, त्यामुळे नक्की काय चाललंय ते मला कळेना.

"तुला आवडतो ना?" माझ्या तोंडून निघून गेलं. प्रश्न. माझ्याच तोंडून.

"मला बटाटा कधीच आवडला नाही," ती म्हणाली. "लहानपणापासून नाही. तुम्हाला आवडतो."

"मग नऊ दिवस? तू तर... म्हणजे तुझा तो संप..."

"संप होता म्हणून काय झालं? तुम्ही जेवायला नको का?"

काकांनी हातातला तुकडा परडीत परत ठेवला.  मी इतकी वर्षं लोकांचे कागद तपासले, पण इतकं लाजिरवाणं वाटावं असं एकाही कागदात काही निघालं नव्हतं. माझ्यावर रागावून ती नऊ दिवस माझ्या आवडीची भाजी करत होती, आणि मी डबा उघडून तोंड वाकडं करत होतो.

आता तिला काय हवं ते विचारणं भाग होतं, आणि तेच करायचं नव्हतं. मग मी उठलो. तिच्यापुढचा बटाटा उचलून माझ्यापुढे घेतला आणि माझी ताटली तिच्यापुढे ठेवली. मेहुण्याची ताटली त्याच्या हाताखालून काढून तिच्यापुढे ठेवली. काकूंची ठेवली. अक्का म्हणाली, "अरे, मी अजून खातेय," तिचीही ठेवली. काकांनी आपली स्वतः सरकवली, वर फुकटच्या चटण्यांच्या वाट्याही. तिच्यासमोर सगळी कॅन्टीना मांडून मी खाली बसलो आणि बटाटा खायला लागलो. टोपी डोक्यावर तशीच होती, पण आता तिची लाज वाटेनाशी झाली होती.

तिने आधी संकोच केला. मग यातला एक घास, त्यातला एक घास, असं करत खाऊ लागली. आम्ही पाचही जण तोंडं मिटून बघत होतो. मी टेबलावरचा कागदी नॅपकिन घेतला आणि मोडक्या पेन्सिलीने मांडीवर धरून लिहायला लागलो. काळा घेवडा: संपवला. लिंबात मुरवलेला कांदा: दोनदा घेतला. चीज: बाजूला काढलं. मका: थोडा. हिरवी चटणी, पाच नंबरची: नाकाडोळ्यांतून पाणी, तरी पुन्हा घेतली. पुन्हा घेतली. वाटी पुसून घेतली.

"काय लिहिताय?" तिने विचारलं.

"नोंद," मी म्हणालो आणि नॅपकिन खिशात घातला.

रविवारी सकाळी मी पेपर वाचत होतो. स्वयंपाकघरातून आवाज आला, "आज काय करू?" कितीतरी दिवसांनी आला. माझ्या तोंडात 'काहीही' तयार होतं, सवयीने. ते मी गिळलं, पेपर खाली ठेवला, खिशातून नॅपकिन काढून उलगडला आणि स्पष्ट आवाजात म्हणालो, "काळा घेवडा. लिंबू आणि कांदा. हिरवी मिरची, माझी काळजी न करता."

आत डाव खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग ती दारात आली.

"घेवडा घरात नाही," ती म्हणाली. "आणायला लागेल."

मी पिशवी घेऊन निघालो. कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो आणि रुबाबात काळा घेवडा मागितला.

"बारीक की जाड?" दुकानदार म्हणाला. "पॉलिश केलेला की बिनपॉलिशचा? यंदाचा की गेल्या सालचा? किती देऊ?"

माझा हात आपोआप खिशातल्या फोनकडे गेला. मी तो बाहेर काढला, घरचा नंबर लावला, आणि एक घंटी वाजायच्या आत बंद केला.

"सगळ्यातला थोडा थोडा द्या," मी म्हणालो.